स्वतःची पारख कशी करावी : दहा शब्द, दोन आकडे आणि एक वही

हा लेख कागद-पेन जवळ घेऊनच वाचावा. खाली दहा शब्द दिले आहेत. त्यांतील काही प्रमाणलेखनाच्या नियमांप्रमाणे बरोबर लिहिलेले आहेत, काही चुकीचे. चुकीचे नेमके किती, हे मुद्दामच सांगत नाही.

आशिर्वाद, सूचना, पारंपारिक, दीर्घ, तज्ञ, उज्ज्वल, महत्व, हार्दिक, कोट्याधीश, अनवधान.

शब्दकोश न उघडता प्रत्येक शब्दापुढे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असे लिहावे आणि शेजारी आपली खात्री टक्क्यांत नोंदवावी. निव्वळ अंदाजाने उत्तर दिले असेल तर ५०, पैज लावायची तयारी असेल तर १००, आणि मधल्या अवस्थांसाठी ६० ते ९० यांपैकी योग्य वाटेल तो आकडा. सगळे शब्द झाल्यावर कागदाच्या तळाशी आणखी दोन आकडे लिहावेत. पहिला आकडा असा : माझी दहापैकी किती उत्तरे बरोबर येतील? दुसरा असा : मराठी माध्यमातून दहावी उत्तीर्ण झालेल्या शंभर जणांनी हीच चाचणी दिली, तर त्यांतील किती जणांना माझ्यापेक्षा कमी गुण मिळतील? हे दोन्ही आकडे शाईने लिहावेत, कारण उत्तरे कळल्यानंतर ‘मला तसे वाटलेच होते’ असे म्हणण्याचा मोह फार मोठा असतो.

आता उत्तरे. दहापैकी पाच शब्द चुकीचे आहेत. त्यांची प्रमाण रूपे आशीर्वाद, पारंपरिक, तज्ज्ञ, महत्त्व आणि कोट्यधीश अशी आहेत. उरलेले पाच शब्द जसे छापले आहेत तसेच बरोबर आहेत. आपले गुण मोजून पहिल्या आकड्याशी ताडून पाहावेत. दुसरा आकडा मात्र लगेच ताडून पाहता येणार नाही, कारण त्यासाठी लागणारी शंभर माणसे आपल्यासमोर नाहीत. तरीही तो आकडा आपण सहज, बहुधा काही सेकंदांत लिहिला असेल आणि तो ५० च्या वर असेल, अशी माझी अटकळ आहे. स्वतःच्या क्षमतेची इतरांशी तुलना करताना आपण जी चूक करतो, तिचे मूळ या सहजपणात आहे. ज्यांच्याशी तुलना करायची त्यांची काहीही माहिती हाती नसताना आपण स्वतःचे स्थान ठरवून मोकळे होतो.

दोन प्रश्न वेगळे ठेवावेत

‘मला हे काम किती येते?’ आणि ‘इतरांच्या मानाने मला हे काम किती येते?’ हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर स्वतःकडे पाहून बऱ्यापैकी देता येते. दुसऱ्यासाठी इतरांकडेही पाहावे लागते, आणि नेमके तेच आपण करत नाही. स्वीडनमधील संशोधक ओला स्वेन्सन यांनी १९८१ साली अमेरिकेतील आणि स्वीडनमधील विद्यार्थ्यांना वाहन चालवण्याच्या कौशल्यात आपापल्या गटातील स्वतःचे स्थान विचारले. अमेरिकी विद्यार्थ्यांपैकी ९३ टक्क्यांनी आणि स्वीडनच्या विद्यार्थ्यांपैकी ६९ टक्क्यांनी स्वतःला वरच्या अर्ध्या भागात बसवले. नमुना लहान होता, पण कल स्पष्ट होता.

येथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ‘बहुसंख्य लोक सरासरीपेक्षा चांगले असूच शकत नाहीत’ हे विधान अनेकदा ऐकू येते आणि ते गणिताच्या दृष्टीने चुकीचे आहे. अपघातात पाय गमावलेल्यांमुळे माणसांच्या पायांची सरासरी संख्या दोनपेक्षा किंचित कमी भरते, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक माणसाचे पाय सरासरीपेक्षा जास्त असतात! म्हणून स्वतःला ‘मी सरासरीपेक्षा बरा आहे का?’ असे विचारण्यात अर्थ नाही. ‘रांगेत उभे केले तर माझ्या मागे किती जण असतील?’ असे विचारावे. वरच्या अर्ध्या भागात निम्म्याहून जास्त माणसे खरोखरच मावत नाहीत. आपल्या कागदावरचा दुसरा प्रश्न याच कारणाने तशा शब्दांत विचारला होता.

ज्ञान कमी असले की चूकही दिसत नाही

शुद्धलेखनाचेच उदाहरण घेण्यामागे कारण आहे. ‘परंपरा’ या शब्दाला ‘इक’ प्रत्यय लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होऊन ‘पारंपरिक’ असे रूप होते, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातून ‘पारंपारिक’ लिहिले जाते. आणि ते चुकले आहे हे ओळखण्यासाठीही त्याला तोच नियम ठाऊक असावा लागतो. मी स्वतः कित्येक वर्षे ‘पारंपारिक’ असेच लिहीत होतो आणि त्या काळात माझे शुद्धलेखन उत्तम आहे असे मला मनापासून वाटत होते. त्या समजाला धक्का बसावा असे माझ्या डोळ्यांना काही दिसतच नव्हते.

कॉर्नेल विद्यापीठातील जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांनी १९९९ साली हाच विचार विनोदाची जाण, तर्क आणि इंग्रजी व्याकरण या क्षेत्रांत तपासला. चाचणीत सर्वांत खालच्या पाव भागात आलेल्यांचे प्रत्यक्ष स्थान सरासरीने शंभरात खालून १२ वे होते, परंतु त्यांनी स्वतःला खालून ६२ व्या स्थानाच्या आसपास बसवले होते. माझ्या मते त्या अभ्यासातील अधिक उपयोगी भाग पुढचा आहे. काही आठवड्यांनी व्याकरणाच्या चाचणीतील सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या गटाला परत बोलावून इतरांच्या काही उत्तरपत्रिका तपासायला दिल्या. वरच्या गटाने त्या पाहिल्यावर स्वतःविषयीचा अंदाज वाढवून दुरुस्त केला, कारण इतरांनाही आपल्याइतकेच येत असेल असे त्यांना तोवर वाटत होते. खालच्या गटाचा अंदाज मात्र उत्तरपत्रिका पाहूनही दुरुस्त झाला नाही. दुसऱ्या एका प्रयोगात तर्काचे थोडे शिक्षण दिल्यावर लोकांना आपल्या आधीच्या चुका दिसू लागल्या. म्हणून ज्या विषयात आपण नवखे आहोत, त्यात स्वतःला जोखण्यापूर्वी निदान पायाभूत नियम शिकून घ्यावेत. त्याआधी केलेले मोजमाप फारसे उपयोगाचे नसते.

या संशोधनावरून ‘मूर्खालाच जास्त आत्मविश्वास असतो’ असा निष्कर्ष काढून तो दुसऱ्याच्या तोंडावर फेकण्याची पद्धत पडली आहे. ती मला पटत नाही. अनेक संशोधकांनी दाखवले आहे की अंदाज आणि प्रत्यक्ष स्थान यांतील त्या मोठ्या फरकाचा बराचसा भाग आकडेवारीच्या स्वभावातूनच येतो. वर्गात शेवटच्या आलेल्या विद्यार्थ्याने स्वतःचा क्रमांक चुकीचा सांगितला, तर तो वरचाच सांगणार, कारण त्याच्या खाली जागाच उरलेली नसते. पहिल्या आलेल्याचा अंदाज त्याच न्यायाने खालीच चुकतो. शिवाय सगळ्यांनीच स्वतःला मध्याच्या थोडे वर धरले आणि त्या अंदाजाचा प्रत्यक्ष कौशल्याशी संबंध सैल असला, तरीही नेमके तेच चित्र उमटते. आणि तो संबंध सैल असतोच. झेल आणि क्रिझान या संशोधकांनी २०१४ साली अनेक संशोधन-आढाव्यांचे एकत्र विश्लेषण केले, तेव्हा स्वतःविषयीचा अंदाज आणि प्रत्यक्ष कामगिरी यांचा सहसंबंध (दोन्हींचा पूर्ण मेळ असेल तर १, काहीच मेळ नसेल तर ०) सरासरीने ०.२९ भरला. तो शून्य नाही, पण ज्यावर डोळे झाकून विसंबावे इतकाही नाही. आपणा सर्वांचीच मोजपट्टी सैल आहे असे समजून पुढे जाणे अधिक हिताचे.

जमाव एका वाक्यात लिहून काढावा

तुलनेचे पहिले प्रत्यक्ष काम हे : ज्यांच्याशी तुलना करायची आहे तो जमाव एका वाक्यात लिहावा. ‘लोक’, ‘इतर’, ‘बाकीचे’ हे शब्द चालणार नाहीत. ‘आमच्या कार्यालयात गेल्या तीन वर्षांत लागलेले, माझ्याच पदावरचे सहकारी’ हे चालेल. ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ ही म्हण आपण दुसऱ्याला उद्देशून वापरतो. स्वतःला उद्देशून वापरली तर ती उत्तम तपासणी ठरते.

तालुक्याच्या गावी दहावीला पहिली आलेली मुलगी अकरावीसाठी लातूरला किंवा पुण्याला जाते. तेथील वर्गात तिच्यासारख्याच आपापल्या शाळांत पहिल्या आलेल्या चाळीस मुली असतात. तिचे गणित जूनपासून ऑगस्टपर्यंत बिघडलेले नसते, उलट थोडे सुधारलेलेच असते. तरी दिवाळीच्या सुट्टीत घरी आल्यावर ती म्हणते, ‘मला गणित जमत नाही.’ जमाव बदलला की स्वतःविषयीचे मत बदलते, ही गोष्ट हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकापासून अनेक अभ्यासांतून दाखवली आहे; लहान तळ्यातला मोठा मासा अशी उपमा त्यासाठी वापरली जाते. अशा वेळी पालकांनी ‘तू हुशारच आहेस’ असे म्हणून भागत नाही. जूनमध्ये जी उदाहरणे सुटत नव्हती त्यांतील आज किती सुटतात हे मुलीबरोबर बसून मोजावे, आणि वर्गातील क्रमांक हा वेगळा आकडा म्हणून वेगळा लिहावा.

पर्सेंटाइलबाबतही हाच घोटाळा होतो. एमएचटी-सीईटीमध्ये ९० पर्सेंटाइल मिळणे म्हणजे ९० टक्के गुण मिळणे नव्हे. ती परीक्षा दिलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के विद्यार्थ्यांना आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळाले, एवढाच त्याचा अर्थ. तो आकडा जमावाविषयी जितके सांगतो तितकेच विद्यार्थ्याविषयी. जमाव अधिक तयारीचा असता, तर तीच उत्तरपत्रिका खाली गेली असती.

निकष आधी, निकाल नंतर

पुरणपोळी ‘चांगली’ म्हणजे कशी? पोळी पातळ लाटणारी बाई पातळपणाला मान देते, भरपूर पुरण भरणारी पुरणाला आणि तिसरी मऊपणाला. तिघीही आपापल्या निकषावर पहिल्या येतात आणि तिघीही खोटे बोलत नसतात. डनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवले की गुणाची व्याख्या जितकी मोघम, तितके माणूस स्वतःला वर बसवतो, कारण मोघम शब्दाचा अर्थ तो आपल्या सोयीने भरतो. ‘आपला तो बाब्या’ हे निकषांच्या बाबतीतही खरे आहे.

म्हणून ज्या कौशल्याचे मोजमाप करायचे ते मोजता येतील अशा दोन-तीन गोष्टींत फोडावे. पुरणपोळीसाठी : दहा पोळ्यांत किती फुटल्या, पुरण कडेपर्यंत पोहोचले का, दुसऱ्या दिवशी पोळी मऊ राहिली का. वाहन चालवण्यासाठी : गेल्या महिन्यात अचानक जोरात ब्रेक किती वेळा दाबावा लागला, मागे बसलेल्याने किती वेळा ‘हळू’ म्हटले. हे निकष काम करण्यापूर्वी लिहावेत आणि शक्य असेल तर दुसऱ्या कोणाकडून निवडून घ्यावेत. काम झाल्यावर निवडलेले निकष बहुधा आपल्या बाजूनेच साक्ष देतात; नाचता येईना तेव्हा अंगण वाकडे ठरते ते याच मार्गाने.

अवघड कामात उलटी चूक होते

आतापर्यंतच्या विवेचनावरून माणूस स्वतःला नेहमी वरच धरतो असे वाटेल, पण तसे नाही. क्रूगर यांनी १९९९ सालीच दुसऱ्या एका अभ्यासात दाखवले की सायकल किंवा मोटार चालवणे अशा सोप्या वाटणाऱ्या कामांत लोक स्वतःला इतरांपेक्षा वर धरतात, तर बुद्धिबळ किंवा संगणकाची आज्ञावली लिहिणे अशा अवघड कामांत खाली धरतात. कारण एकच आहे. माणूस केवळ स्वतःचा अनुभव जोखतो. काम स्वतःला अवघड गेले की आपण मागे आहोत असे ठरवतो, आणि ते काम इतरांनाही तितकेच अवघड जाते हे हिशेबात धरत नाही.

त्यामुळे स्वतःविषयी ‘मला हे जमत नाही’ असे वाक्य मनात आले, की लगेच दुसरा प्रश्न विचारावा : हे काम बहुतेकांना सोपे जाते, की अवघड? मंचावर उभे राहून बोलताना हात थरथरणे हा आपल्या कमतरतेचा पुरावा मानण्यापूर्वी इतर वक्त्यांच्या हातांकडे पाहावे. १९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी यशस्वी स्त्रियांविषयी लिहिताना वर्णन केलेली अवस्था, म्हणजे पात्रता सिद्ध झालेली असूनही आपण तोतया आहोत आणि कधीतरी उघडे पडू अशी भीती वाटणे, ही या चुकीच्या जवळची आहे.

यावरचा उपाय साधा आहे, मात्र तो करायला बसावे लागते. इतरांचे प्रत्यक्ष काम पाहावे, आणि तेही नामवंतांचे पाहू नये. आपण निकाल पाहतो ते गाजलेल्यांचे. गायला शिकणारा स्वतःला मैफल गाजवणाऱ्या गवयाशी ताडून पाहतो आणि त्याच शिक्षकाकडे दोन वर्षे शिकणाऱ्या दहा जणांचे गाणे कधी लक्ष देऊन ऐकत नाही. नोकरीसाठी अर्ज लिहिणाऱ्याने निवड समितीवर काम केलेल्या एखाद्या परिचिताला, नावे झाकून, साधारण अर्ज कसे असतात ते विचारावे. मधल्या फळीचे दहा नमुने पाहिल्यावर दुसऱ्या आकड्याला प्रथमच काही आधार मिळतो.

वही

हा सगळ्या पद्धतीचा कणा आहे. हवामान खात्याच्या अंदाजांवर विनोद करण्याची आपल्याकडे जुनी रीत असली, तरी मर्फी आणि विंकलर यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतील पावसाच्या अंदाजांचा अभ्यास केला, तेव्हा ते अंदाजकर्ते आपल्या खात्रीच्या बाबतीत फार नेमके असल्याचे दिसले. ज्या दिवसांसाठी त्यांनी ७० टक्के शक्यता सांगितली होती, अशा दिवसांपैकी साधारण ७० टक्के दिवशी पाऊस पडला होता. त्यांच्या कामाची रचना त्यांना शिकवत असते : अंदाज रोज द्यायचा, आकड्यात द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी आकाशाने उत्तर द्यायचे. आपल्या बहुतेक कामांत या तीनपैकी एकही गोष्ट घडत नाही. वहीने ती घडवून आणता येते.

वहीत पाच रकाने करावेत : तारीख, काम, अंदाज, खात्रीचा टक्का आणि प्रत्यक्ष निकाल. ‘हा अहवाल शुक्रवारपर्यंत पूर्ण होईल, ८० टक्के.’ ‘या चाचणीत मला ३५ च्या वर गुण मिळतील, ६० टक्के.’ ‘वर्गातील निम्म्या मुलांपेक्षा माझे गुण जास्त असतील, ७० टक्के.’ निकाल कळला की ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहावे. स्पष्टीकरणासाठी रकाना ठेवू नये. पन्नासएक नोंदी झाल्यावर ८० टक्के खात्रीच्या सर्व नोंदी एकत्र करून त्यांतील किती खऱ्या ठरल्या ते मोजावे. दहापैकी आठ खऱ्या ठरल्या तर मोजपट्टी ठीक आहे; पाचच ठरल्या तर आपल्या ‘८०’ चा अर्थ ५० आहे, असे समजून पुढचे आकडे लिहावेत. सुरुवातीला सोडवलेल्या दहा शब्दांची खात्री ही या वहीची पहिली नोंद म्हणून उतरवून घ्यावी, मात्र दहाच नोंदींवरून निष्कर्ष काढू नये.

वेळेचे अंदाज वहीत आवर्जून असावेत, कारण तेथे फजिती लवकर कळते. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत पूर्ण होईल असे सांगितले होते; प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले.

दुसऱ्याला विचारताना

मानसशास्त्रज्ञ सिमिन वझीर यांनी २०१० साली मांडलेला भेद येथे उपयोगी पडतो. मनातील चिंता, अस्वस्थता अशा आतल्या गोष्टी आपल्यालाच अधिक चांगल्या कळतात. बुद्धिमत्ता, कल्पकता यांसारख्या, ज्यांच्याशी आपला अभिमान जोडलेला असतो त्या गोष्टी जवळच्या माणसांना अधिक नेमक्या दिसतात. पण विचारायचे कसे? ‘कसे झाले?’ असे विचारले तर आपल्याकडे ‘छान झाले’ हेच उत्तर मिळणार, कारण पाहुण्याने कधी आमटी खारट झाली असे सांगितले आहे का? त्याऐवजी निवड करायला लावणारा प्रश्न विचारावा : या भाषणातला कोणता भाग गाळला तर बरे होईल? या पाच मसुद्यांत, नावे झाकून, सर्वांत कच्चा कोणता? पाचांतील एक आपला असावा आणि कोणता ते सांगू नये. एकाच माणसाच्या उत्तरावर न थांबता, एकमेकांशी बोलणे न झालेल्या दोघा-तिघांना वेगवेगळे विचारावे.

तीन महिन्यांनी शब्दांची चाचणी पुन्हा घ्यावी. या वेळी शब्द दुसऱ्याने निवडावेत, कारण स्वतः यादी केली तर तिच्यात आपल्याला ठाऊक असलेले शब्दच येतील. निवडणाऱ्याने वीस शब्द घ्यावेत, त्यांत बरोबर आणि चूक किती हे सांगू नये, आणि शक्य झाल्यास तीच यादी ठरवलेल्या जमावातील आणखी आठ-दहा जणांकडून सोडवून घ्यावी. त्यांचे गुण हाती आल्यावर पहिल्या कागदाच्या तळाशी शाईने लिहिलेला दुसरा आकडा काढून त्यांच्याशेजारी ठेवावा.